पंख्याचा फ्यूज

माजी उपसरपंच बलभीमअण्णांची गाडी उमरग्याच्या अलीकडं हायवेवर वाफा सोडत उभी राहिली. मेकॅनिक धम्मपालनं येऊन बॉनेट उघडलं. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. मोटर ठणठणीत, वायरी शाबूत, फक्त फ्यूजची जागा रिकामी. तो फ्यूज अण्णांच्या सायरनला लावलेला निघाला.

“अण्णा, हे कुणी केलं?”

“म्याच. लग्नाला जाताना सायरनचा उडाला, मग पंख्याचा काढून तिथं लावला.”

“नवा उमरग्यात मिळंल. तवर हाच पंख्याला लावतो, न्हायतर इंजिन जाईल.”

अण्णांनी गडबडीनं त्याचा हात धरला.


“राहू दे! गाडी बंद पडली तर लोकं ढकलतील. सायरनच बंद असला, तर ढकलायला कोण येतंय?”