वीज घरात शिरू नये म्हणून

नवऱ्यामागून काही वर्षांनी तुर्कस्तानातून आलेल्या मुनिरेचा सगळा संसार जर्मनीत झाला आणि म्हातारपणी ती जर्मन भाषाच पार विसरली. म्हणून नवऱ्याने, जेवदेतने, तुर्की चॅनेलांची डिश बसवून घेतली. डिशवाला इल्कर छपरावरून खाली उतरेपर्यंत जेवदेतची भुणभुण चालूच.

“अर्थिंगची वायर जाड घातलीस ना रे? वीज पडली तर?”

“पडू दे की काका! सरळ जमिनीत जाईल. घराला काही होत नाही.”

टीव्हीवर तिकडच्या खेड्यातलं लग्न दिसू लागलं, ढोल वाजले. कित्येक महिन्यांनी मुनिरे हसली. जेवदेत हळूच तिच्या शेजारी टेकला.

तशी ती अंग चोरून उठली आणि इल्करच्या कानाशी लागली. “पोरा, जाताना या म्हाताऱ्याला घेऊन जा. माझा नवरा जर्मनीत कामाला आहे. घरात परका माणूस दिसला तर गाव काय म्हणेल?”