पाचवी खेळाडू

सामन्याआधीच्या तपासणीत यंत्र कुशावर्ताच्या पाठीमागे एकेक आवाज काढत होतं, आणि कप्तान हेमलता पडद्यावर त्यांची नावं वाचत होती. शिट्टी. भोंगा. कुशावर्ता ढिम्म हलली नाही. बहिरेपण घालवणारे थेंब निघाल्यापासून कर्णबधिर मुलींच्या या बास्केटबॉल संघात पाचच जणी उरल्या होत्या, आणि जिला ऐकू येतं तिला इथे खेळता येत नसे.

पडद्यावर ‘झांज’ उमटलं. कुशावर्ताचे हात आपसूक जोडले गेले.

तपासनिसाने लाल बावटा वर केला. चौघींवर अंतिम सामना होणार नव्हता.

“कधी घातलेस थेंब?” हेमलताच्या बोटांनी विचारलं.

“परवा,” कुशावर्ताने खुणेने सांगितलं. “माझ्या अण्णांचं शेवटचं कीर्तन होतं गं. शिट्टीला तग धरला मी, पण झांज वाजली आणि...”

“दोन दिवस देव थांबला नसता, बये?”

“देव थांबला असता. अण्णा थांबले नसते.”

हेमलताने झापायला हात उचलले, पण त्या हातांनी भलतंच विचारलं, “कसा आहे त्यांचा आवाज?”

कुशावर्ताने सांगायला बोटं उचलली. ती तशीच राहिली. दोघींच्या भाषेत त्याला खूणच नव्हती.