खंडेनवमीचा पाना

गॅस्केटला लेप चोपडून उमाशंकरनं न बघताच मागं हात केला. तिथं पोतं होतं, पोत्यावर पेट्रोलचा डाग होता. पाना मात्र गायब.

सकाळपासून तो जुन्या फटफटीच्या इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, खोलून अंगणात बसला होता. आतली काजळी खरवडली, पेट्रोलनं धुतली, काचेवर पॉलिशपेपर ठेवून हेड घासलं, इतकं की त्यात बघून दाढी करावी. हेडखाली बसणारी चकती, ते गॅस्केट, सोलापूरच्या एका दुकानातलं शेवटचं. त्याला लेप लावायचा, हेड बसवायचं आणि चहा गार व्हायच्या आत चारी नट आवळायचे. लेप वाळला की गॅस्केट गेलं. आणि गॅस्केट गेलं की गाडीच गेली, कारण बायकोनं, महानंदानं, साफ सांगून ठेवलं होतं, "उद्या दसऱ्याला गाडी चालू दिसली तर हार घालते. न्हाय तर भंगारवाल्याला फोन."

"महानंदा! माझे पाने कुठायत गं?"

"अव्वांनी पूजेला घेतले. खंडेनवमी न्हाय का आज!"

उमाशंकर उठून आत धावला. हेड घासण्याच्या नादात सणच डोक्यातून गेला होता. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात, आणि एकदा बसली की दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही.

आत त्याची आई रुद्रम्मा देव्हाऱ्यासमोर बसली होती. पुढं चादरीवर पाने, पक्कड, पेचकस, हातोडा, खुरपं, महानंदाची कात्री, सगळं ओळीनं मांडलेलं. शेवटी टीव्हीचा रिमोट. सगळ्यांना हळदीकुंकू लागलेलं, प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडू.

"अव्वा, एकच पाना दे. चौदा नंबरचा."

"बसलेला देव उठवतेत व्हय रे?"

"अगं, तिकडं लेप वाळायलाय!"

"वाळू दे. उद्या सोनं वाटून झालं की घे."

"आणि हा रिमोट कशाला बसवलास?"

"दिवसभर तुझा हात त्याच्यावरच असतोय की. तुझं खरं हत्यार तेच."

तिच्याशी वाद घालण्यात लेप वाळला असता. उमाशंकर तसाच अनवाणी हायवेवरच्या गॅरेजकडं पळाला. तिथं शटर अर्धं खाली. मेकॅनिक विरुपाक्ष कधी नव्हे तो धुतलेला शर्ट घालून उदबत्ती ओवाळत होता, आणि त्याचे सगळे पाने धाकट्यापासून थोरल्यापर्यंत पाटावर बसलेले.

"काका, आज अख्ख्या जळकोटात नट फिरणार न्हाय," तो म्हणाला. "आज पान्याला हात लावला की गिऱ्हाईक वर्षभर तक्रारी घेऊन येतंय."

"ते आत्ताबी येतंयच की!"

"म्हणून तर पूजा करायलोय." त्यानं उमाशंकरच्या काळ्या हातावर फुटाणे ठेवले.

उमाशंकर धापा टाकत घरी आला. लेपाला बोट लावून बघितलं. अजून तार सुटत होती, पण लगेच तुटत होती. तो आत गेला.

"अव्वा, पाना हलवायचा न्हाय म्हणतीस, मग गाडी फिरवू का पान्याभवती?" पन्नाशीचा गडी, कोपरापर्यंत ग्रीस, आणि आता खरंच रडतो की काय असं झालं.

रुद्रम्मानं त्याच्याकडं बघितलं. "देवीला कौल लावू. उजवी पाकळी पडली तर घे. डावी पडली तर गप बस."

तिनं झेंडूच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या फोटोच्या काचेला चिकटवल्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. महानंदाही येऊन दिव्याशेजारी बसली आणि तिघांनी हात जोडले. पाकळ्या काही हलेनात. म्हातारीनं चिकटवल्याच होत्या घट्ट. वाऱ्याचं नाव नाही. देवघरातला पंखा घट बसल्यापासून बंद होता, कारण नंदादीप विझला तर वर्षाचा अपशकुन. त्या दिव्यात तेल घालायला महानंदा रोज रात्री उठत होती.

उमाशंकर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. महानंदाला त्या गाडीचा खरोखर वैताग होता. पण नवऱ्याचं हे रडकुंडीला आलेलं तोंड तिला बघवेना. तिनं सासूकडं बघितलं. सासूचे डोळे मिटलेले. मग तिनं डावा तळवा ज्योतीच्या आड धरला आणि उजव्या हातानं शेजारचं बटण दाबलं.

पंखा घरघरला. ज्योत आडवी झाली ती थेट तिच्या हातावर. तिनं ओठ दाबून धरले, पण हात काढला नाही. पाकळ्या थरथरल्या आणि उजवी पडली.

"पडली! उजवी पडली!" ओरडता ओरडता तिनं बटण बंद केलं. मागोमाग डावीही पडली, पण तोवर उमाशंकर हळदीकुंकवासकट पाना घेऊन अंगणात पोचला होता.

त्यानं चारी नट आडवेतिडवे, थोडे थोडे करत आवळले. लेप बसेपर्यंत गाडीपासून हलला नाही. दिवेलागणीला किक मारली. गाडी खोकली, धूर सोडला, गल्लीतली कुत्री भुंकली, आणि मग इंजिन असं लागलं की काय सांगावं! त्यानं हेडच्या कडेनं साबणाचं पाणी फिरवलं. एक बुडबुडा नाही, गॅस्केट पक्कं बसलं होतं.

तो नाचतच घरात आला. महानंदा कोपऱ्यात बसून तळव्याला तूप लावत होती.

"हाताला काय झालं गं?"

"काय न्हाय. दिव्याची वात सारताना चटका बसला."

देव्हाऱ्यासमोर रुद्रम्मा पुन्हा डोळे मिटून बसली होती. तशीच म्हणाली, "वात सारायला पंखा लागतोय व्हय गं?"