काय काय गेलं

ब्रह्मपुरीच्या आपल्या दुकानात हाफिजभाई गादीत कापूस भरत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. चष्मा घरी राहिलेला, म्हणून त्यांनी मोबाईल नेहमीसारखा लेकीपुढे सरकवला.

"पाय बरं शाजिया, बँकेचं काई आलं का?"

बँकेचं नव्हतं. शाजिया मोठ्यानं वाचू लागली, "आपल्या माहितीची सुरक्षा ही आमची पहिली जबाबदारी आहे. तरीही आमच्या विवाह ॲपवरून काही सभासदांची माहिती चोरीला गेली, हे कळवताना खेद होतो..."

हाफिजभाईंचे कान तापले. कुणाला कानोकान खबर लागणार नाही, या कंपनीनं दिलेल्या हमीवरच त्यांनी गुपचूप स्वतःचं नाव नोंदवलं होतं.

"राहू दे वं, फालतू असते ते," म्हणत ते हात झटकून उठले. पण 'आपली कोणती माहिती गेली ते पाहा' यावर शाजियाचं बोट पडून गेलं होतं.

अम्मी गेल्यावर 'अब्बूले कोण पाहीन' म्हणून आरमोरीचं चांगलं स्थळ परत पाठवणारी ती पोर एकेक ओळ वाचत गेली. नाव. वय. व्यवसाय. पत्नी हयात नाही. पुढची ओळ तिनं दोनदा पाहिली.

"अपत्य... एकही नाही."

हाफिजभाई खाली बसले आणि भरलेलाच कापूस पुन्हा दाबू लागले. शाजियानं मोबाईल हळूच त्यांच्याजवळ ठेवला.

 

"फिकर नका करू अब्बू. माही तं काईच माहिती गेली नाई."