फळीवरचा भाव

हौसाकाकूंनी वडप्याच्या मार्टमध्ये तूरडाळीचं पाकीट उचललं, तेव्हा फळीवरच्या इवल्याशा स्क्रीनवर एकशे अठ्ठावीस रुपये होते. रांग सरकून काउंटर येईतो बिलात एकशे छत्तीस झाले. काकूंनी मॅनेजरला दंडाला धरून फळीपाशी नेलं, तर तिथंही एकशे छत्तीसच! आता सगळी रांग काकूंकडे अशी बघू लागली, की आठ रुपयांसाठी बाई खोटं बोलतेय.

"काकू, चष्मा बदला," याच आठवड्यात रुजू झालेला मॅनेजर गंधार हसला.

"माझे डोळे शाबूत हायेत. भाव कुणी बदलला ते सांग."

"आम्ही इथं हातही लावत नाही. भाव वरून बदलतो, एका बटणावर."

"मी पाकीट उचलल्यावर पण?"

"कधीही. वरच्यांना कोण विचारणार?"

काकूंनी पाकीट काउंटरवर आपटलं.

"मग तुझ्या शेटला फोन लाव. म्हणावं, करार झाला असला तरी या गाळ्याचं भाडं आत्ताच वाढलं. वर माडीवर मी राहते."