डोळ्यांचा रंग

"डोळ्यांचा रंग?" एडिथनं पक्ष्याच्या नोंदीच्या चिठ्ठीवर टाक टेकवून विचारलं.

गस बूट पुसत होता. तो थांबला. "राहिलंच की."

"राहिलं? अरे, पक्षी पडला की आधी डोळा बघायचा. दहा वर्षं हेच करतोयस ना तू?"

"काटेरी वेलींत पडला. शोधण्यातच तास गेला बघ."

तोवर डोळा पांढुरका झाला होता. मग कोण काय सांगणार? एडिथनं कातडं सोलून, कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा साबण चोळून कापूसही भरून टाकला होता. क्वीन्सलंडच्या या रानात भावंडांना असा पक्षी कधीच मिळाला नव्हता. नवी जात ठरली, तर पक्ष्याला त्यांचं आडनाव लागणार होतं. बोट दुपारची. आणि सिडनीच्या संग्रहालयाचे पिल्चरसाहेब डोळ्यांचा रंग न नोंदवलेलं कातडं सरळ परत धाडत.

"पिवळा लिहून टाक. कोण येतंय बघायला?"

"खोटं मी लिहायची नाही."

बाहेर त्या पक्ष्याची मादी ओरडत होती. सकाळपासून तिचं तेच चाललं होतं, आणि एडिथला ते ऐकवत नव्हतं. गसची नजर बंदुकीकडे गेली, तशी ती लगबगीनं उठली.

"तू बस. मी नुसती बघून येते. एक गेला तेवढा पुरे झाला."

ती पाऊण तासानं परतली. चेहरा खुलला होता.

"लाल. गर्द लाल. मी आपली गप्प उभी राहिले, तर खालच्या फांदीवर येऊन बसली रे. हात लांबवला असता तर हाताला लागली असती."

तिनं चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, 'लाल'.

"पण हा तर नर," गस म्हणाला. "लाल तू मादीचा पाहिलास. तसं लिही."

एडिथनं टाक दौतीत बुडवला. मग तिनं पुढे लिहिलं, 'मादीवरून'.

"आता साहेब विचारणार, मादी कुठंय?"

तो उठला. बंदुकीतलं काडतूस काढून त्यानं बारीक छऱ्यांचं घातलं. एवढ्या जवळून मोठ्या छऱ्यांनी कातडं फाटलं असतं.

"गस, नको."

"बोटीला अजून दोन तास आहेत," तो समजुतीनं म्हणाला. "मला बघून ती उडते. तू मघासारखी पुढं उभी राहा. मी तुझ्या पाठीमागून येतो."