एकोणपन्नास तारीख

तोरिनोहून बहिणीचा फोन आला. "दादा, तुझा फॉर्म माझ्या पोरीला घेतच नाही! बालवाडीच्या प्रवेशाचा आज शेवटचा दिवस आहे."

तिथल्या बालवाड्यांचा हा ऑनलाइन फॉर्म पुण्यात बसून श्रीरंगनेच बनवला होता. त्याने भाचीचा, तिथे जन्मतःच मिळणारा, इटालियन करक्रमांक तपासला. त्यात जन्मतारीखही असते. "अगं, एकोणपन्नास तारीख कुठे असते का?"

"नऊच आहे रे! इथे मुलींच्या तारखेत चाळीस मिळवतात. तू चाचणीला नावं कुणाची घेतलीस?"

"माझं. आणि टीममधल्या सगळ्यांची."

"म्हणजे सगळे बाप्येच!" ती खो-खो हसली. "एखाद्या बाईला तरी विचारायचंस."

श्रीरंगने ओशाळून प्रोग्राममधली एक ओळ बदलली. सकाळपासून प्रवेशाच्या यादीत नुसते मुलगे होते. आता भाचीचं नाव उमटलं आणि तिच्यामागून ताटकळलेल्या मुलींची रांगच लागली.